हामिदला अमीना होती

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या इंदुरात ईदेच्या सकाळी शहर काझींना बग्गीतून सदर बाजारच्या ईदगाहवर नेतात आणि ती बग्गी नेण्याचा मान वर्षानुवर्षं एका हिंदू कुटुंबाकडे आहे, हे तुम्हाला सांगायला नको. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा आपल्या मराठी घरांतही परकी वाटत नाही, ती त्यामुळेच असेल. शिवाय मुलांना ती हिंदीच्या पुस्तकात भेटतेच. प्रश्न ठरलेला, कथेतल्या छोट्या हामिदचे गुण लिहा. उत्तरही ठरलेलं: त्यागी, समजूतदार, आजीवर माया करणारा.

मला हे उत्तर अर्धंमुर्धं वाटतं. म्हणून आज हामिदच्या शेजारी आणखी एक मुलगा उभा करून बघू या. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘छुटी’ कथेतला फटिक. ‘छुटी’ १८९२ची, ‘ईदगाह’ १९३३ची.

हामिद चार-पाच वर्षांचा. वडील पटकीनं गेले, पाठोपाठ आई गेली. त्याला मात्र सांगून ठेवलंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला. राहिली आजी, अमीना. शिवणाचे आठ आणे मिळाले होते, त्यातून गवळणीचं देणं भागवून दोन आणे उरले. म्हणजे आठ पैसे. तीन हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. प्रेमचंद हा हिशेब वाण्याच्या चोखपणानं मांडतात. हामिदच्या सोबत्यांपैकी महमूदजवळ बारा पैसे, मोहसिनजवळ पंधरा, हेही सांगतात.

ही पोरं ईदेच्या मेळ्यात जातात. तिथे दोन-दोन पैशांची मातीची खेळणी आहेत: शिपाई, भिश्ती, वकील. हामिद त्यांना नावं ठेवतो, पण हात लावायला त्याचा जीव तुटतो. मोहसिन रेवडी पुढे करतो आणि हामिदनं हात पुढे केला की स्वतःच्या तोंडात टाकतो. मग लोखंडी सामानाच्या दुकानाशी हामिद थबकतो. तव्यावरून पोळी काढताना आजीचे हात भाजतात. दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो, पाचावर येतो. हामिद काळीज घट्ट करून ‘तीन’ म्हणतो आणि ओरडा खायला नको म्हणून पुढे चालूही लागतो. दुकानदार हाक मारून चिमटा देतो.

एवढ्यावर उत्तरपत्रिका संपते. माझ्या मते खरी गंमत इथून सुरू होते. पोरं हसतात, तर हा चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकून असा वाद घालतो की वकील-शिपाई सगळे गारद. माझा चिमटा वाघाच्या मानेवर स्वार होईल, म्हणे! त्यागाचा पुतळा असं भांडत नाही. हा पक्का इरसाल पोरगा आहे. प्रेमचंदांनी त्याला पोरच राहू दिलंय, संत केला तो आपण, गुणांच्या यादीसाठी.

आता फटिक. गावातल्या पोरांचा म्होरक्या. नदीकाठी एक मोठं लाकूड पडलेलं असतं, धाकटा भाऊ माखन त्यावर ठाण मांडून बसतो आणि हे पठ्ठे माखनसकट ते लोटतात. घरी मार, रडारड. तेवढ्यात मामा येतात आणि शिकवायला याला कलकत्त्याला नेतो म्हणतात. आई लगेच तयार. फटिकलाही इतका आनंद की मासे धरायचा गळ आणि पतंग तो माखनला कायमचे देऊन टाकतो.

मामीला स्वतःची तीन मुलं. त्यात हा तेरा-चौदा वर्षांचा. रवींद्रनाथ इथे गोष्ट थांबवून सांगतात की या वयाच्या मुलासारखी बला जगात दुसरी नाही. शोभेचा नाही, कामाचा नाही. लाडानं बोलला तर पोरकटपणा, मोठ्यासारखं बोलला तर आगाऊपणा. आपल्याकडेही देवास-धारची मुलं इंदुरात मामा-काकांकडे शिकायला राहायची. ज्यांनी तशी वर्षं काढली, त्यांना हा परिच्छेद वाचताना घास गिळताना चोरटं वाटायचं ते आठवेल.

कथेत एक लहानसं वाक्य आहे, पटकन नजरेतून सुटणारं. मामीनं कधी चुकून काम सांगितलं, तर फटिक आनंदाच्या भरात गरजेपेक्षा जास्तच करून टाकायचा. मग मामी म्हणायची, पुरे झालं, आता अभ्यासाला बस.

हाच फटिकचा चिमटा! त्यानंही काही आणून दिलं होतं, फक्त घ्यायला कुणी नव्हतं. अमीनासुद्धा आधी छाती बडवूनच घेते. दुपार झाली, पोटात काही नाही, आणि आणलंस काय तर चिमटा? पण हामिद दबक्या आवाजात म्हणतो की तुझी बोटं भाजायची म्हणून आणला, आणि तिचा राग विरघळतो. हामिदचा मोठेपणा निम्मा तरी तिच्या पदरात आहे. गंमत अशी की या दोघांत अनाथ हामिद, आणि आई असलेला फटिक.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते वाचायलाच हवं. पुस्तक हरवतं, मामी टाकून बोलते. ताप भरतो तेव्हा मामीवर ओझं नको म्हणून पोर घरातून निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात पोलीस त्याला चिंब भिजलेला आणून सोडतात. वातात तो स्टीमरवरच्या खलाशांसारखी पाण्याची खोली मोजत राहतो, आणि तळ लागत नाही. आई पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मनात येतं, हामिदही आठ-नऊ वर्षांत तेरा-चौदाचा होणार. आवाज फुटणार, बोलणं आगाऊ वाटणार. प्रेमचंदांनी त्याला वेळीच चार-पाच वर्षांवर थांबवलंय, हे त्यांचं कसब म्हणा किंवा दया म्हणा.

दोन्ही कथा एका बैठकीत होतात. आधी ‘छुटी’ वाचा, मग ‘ईदगाह’. उलटा क्रम फार जड जातो. नमस्कार.