हे खरे आहे काय?

नमस्कार श्रोतेहो.

विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, थोडा गोंधळ होतो आणि संध्याकाळच्या बातम्यांत त्यातली दोन वाक्यं येतात. तिथवर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण तो प्रश्न कागद होऊन जिल्ह्याच्या कार्यालयात येऊन पडतो तेव्हा काय होतं, ते फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. मी पाहिलंय. सांगली भागातल्या एका सरकारी कार्यालयात मी बरीच वर्षं कारकून होतो.

असा कागद आला की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. 'एलएक्यू आलाय!' लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, त्याचं हे घरगुती नाव. एरवी एखादी फाईल महिना महिना हलायची नाही. एलएक्यूची मुदत मात्र तासांत मोजायची. 'आज सायंकाळी पाचपर्यंत माहिती सादर करावी, निरंक असल्यास तसे कळवावे.' अधिवेशन सुरू असेपर्यंत रजा बंद, मुख्यालय सोडायचं नाही. घरी लग्न असलं तरी आम्ही तारखा अधिवेशन बघून धरायचो, आता बोला.

त्या कागदाची भाषा ठरलेली. वर लिहिलेलं असतं, 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?' मग आकडे टाकून भाग. (१) अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. (३) चौकशीत काय आढळून आले. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरंही साच्यातली. 'होय.' 'हे खरे नाही.' 'अंशतः खरे आहे.' आणि सगळ्यात लाडकं, 'प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्या भागाला 'खरे नाही' म्हटलं की खालचे सगळे भाग आपोआप झोपतात. उद्भवतच नाहीत.

एका पावसाळ्याची गोष्ट सांगतो. पूर ओसरला होता. पाणी गेल्यावर काय उरतं ते नदीकाठच्या श्रोत्यांना सांगायला नको. गाळ, मेलेली जनावरं, घरात शिरलेले साप. सर्पदंशाचे रुग्ण, जुलाब-उलट्या, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती. आरोग्य केंद्रांवर ताण आला आणि पुढच्या अधिवेशनात प्रश्न आला की, पूरग्रस्त भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये औषधांचा पुरेसा साठा नव्हता, हे खरे आहे काय? उत्तराचा मसुदा माझ्याच हातचा. मी लिहिलं, 'हे खरे नाही.' खोटं लिहिलं का? तर नाही. 'पुरेसा' म्हणजे किती, हे प्रश्नात कुठं होतं? साठा होता. कुठं दोन कुप्या, कुठं पाच. उरलेल्या तीन भागांना मी 'प्रश्न उद्भवत नाही' लावलं आणि चहा प्यायला गेलो.

तेच आमदार पुढच्या अधिवेशनात परत आले. ह्या वेळी 'पुरेसा' हा शब्द कुठंच नव्हता. अमुक तारखेला प्रत्येक केंद्रात सर्पदंशावरच्या लशीच्या किती कुप्या शिल्लक होत्या? मागणीपत्र कोणत्या तारखेला गेलं? पुरवठा कोणत्या तारखेला झाला? मधल्या दिवसांत किती रुग्णांना दुसरीकडे पाठवलं? बस्स. आमच्या कार्यालयात त्या दुपारी कुणी जेवलं नाही. साठा-नोंदवह्या निघाल्या, केंद्रांना फोन गेले. आणि गंमत अशी की उत्तर मुंबईला पोचायच्या आधीच तीन-चार केंद्रांत माल जाऊन पडला. कारण उत्तरात 'सद्यःस्थितीत साठा उपलब्ध आहे' असं लिहायचं होतं, आणि तसं लिहायचं तर तो असायला हवा! सभागृहात त्या प्रश्नाचा नंबर लागलाच नाही, उत्तर नुसतं छापून आलं. वर्तमानपत्रात एक ओळ नाही. पण औषध पोचलं होतं.

तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं, अतारांकितला लेखी. तारांकितचं खरं मोल पहिल्या उत्तरात नसतं, ते तर आमच्यासारख्यांनी शिजवलेलं. त्यानंतर येतो उपप्रश्न. त्यासाठी मंत्र्यांना 'पूरक टिपणी' द्यावी लागते. आमदार काय काय विचारतील याचा अंदाज बांधून आम्ही पानंच्या पानं लिहायचो. तरी एखादा गावाकडचा नेमका तपशील निघायचा, अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या धावायच्या आणि शेवटी मंत्री म्हणायचे, 'तपासून घेऊ.' प्रश्नोत्तरांचा तास एकच आणि सभागृहात २८८ सदस्य. एकाच प्रश्नावर आरडाओरडा करून तो तास घालवला की सगळ्यात जास्त हायसं कुणाला वाटतं, सांगू? फाईल घेऊन बसलेल्या कारकुनाला.

आता आरोग्याची एक अडचण. दवाखाना आपल्याला एक दिसतो, सरकारला तो तीन ठिकाणी दिसतो. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं आणि सार्वजनिक आरोग्य विभागाचं. सांगली-मिरजेची सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शहरातले दवाखाने महापालिकेचे, म्हणजे वर नगरविकास. केंद्रातून रुग्ण सिव्हिलला पाठवला आणि वाटेत किंवा पोचल्यावर दगावला, तर प्रश्न कुणाला विचारायचा? सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक आरोग्य केंद्र असावं, असा निकष आहे. इमारती बऱ्याच ठिकाणी उभ्याही आहेत. पण आत डॉक्टर आहे का, परिचारिकेची जागा भरली का, हे वेगळं विचारावं लागतं. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. तेव्हा सगळ्यांनी पहिल्यांदा औषधांचंच विचारलं. तोही प्रश्न बरोबर. पण आजूबाजूच्या तालुक्यांतून, शेजारच्या तेलंगणातून रुग्ण शेवटच्या घटकेला तिथंच का येतात, हा प्रश्न दोन विभागांच्या मधल्या फटीत पडतो.

पुराची तऱ्हा तर त्याहून न्यारी. इथं मुळात पंचांगच जुळत नाही. पावसाळी अधिवेशन बहुधा जून-जुलैत, कृष्णा-पंचगंगेचा महापूर जुलैअखेर नाहीतर ऑगस्टात. २०१९ चंच घ्या. अधिवेशन २ जुलैला संपलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. सांगली जिल्ह्यातल्याच ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. आणि ऑक्टोबरात निवडणुका. त्या विधानसभेला ह्या पुरावर प्रश्न विचारायला एकही अधिवेशन मिळालं नाही! २०२१ मध्ये ५ आणि ६ जुलै असं दोनच दिवसांचं अधिवेशन झालं. दोन-अडीच आठवड्यांत चिपळूण बुडालं, महाडजवळ तळिये गाव दरडीखाली गेलं, कोल्हापूरला पुन्हा पाण्याचा वेढा पडला. पुढचं अधिवेशन डिसेंबरात. तोवर पाणी उतरलेलं, राग उतरलेला, विचारायला उरले ते पंचनामे.

आमच्याकडे पुराचा प्रश्न म्हटलं की अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. धरणाची पाणीपातळी कर्नाटकला ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे, आणि फुगवट्याची, म्हणजे धरणामुळं पाणी मागं तुंबण्याची भीती सांगली-शिरोळच्या माणसाच्या हाडात आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला. तो पूर अलमट्टीमुळं आला नाही, असं त्यात आहे. इथल्या कित्येकांना ते आजही पटलेलं नाही. विचारावं, जरूर विचारावं. पण माझं मत सांगतो, रागावू नका. अलमट्टीचा प्रश्न मंत्र्यांना सोपा जातो. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच बाजूला, 'आम्ही कर्नाटकला तीव्र विरोध नोंदवला आहे' म्हटलं की बाकं वाजतात. अवघड प्रश्न आहे निळ्या रेषेचा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, १०० वर्षांतला पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत गेल्या १० वर्षांत किती बांधकाम परवाने दिले, कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्यानं दिले, किती ओढे-नाले भराव टाकून बुजवले? हा प्रश्न आला की बाकं वाजत नाहीत. कारण ते प्लॉट कर्नाटकातल्या कुणाचे नाहीत.

शिवाय इथंही तेच विभागांचं. धरणातून पाणी सोडणं जलसंपदेकडं, बांधकाम परवाना नगरविकासकडं, नुकसानभरपाई मदत व पुनर्वसनकडं, छावणीतला दवाखाना आरोग्याकडं. अशा वेळी लक्षवेधी सूचना बरी पडते. मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि त्यावर खोदून विचारता येतं.

मंत्री सभागृहात 'करू' म्हणाले, की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आमच्या कपाटात ह्या आश्वासनांची एक वेगळी फाईल होती, दोरी तुटायला आलेली. मी निवृत्त झालो त्या दिवशी ती पुढच्या माणसाच्या ताब्यात दिली. पहिलंच पान एका गावच्या पोहोच रस्त्याच्या पुलाचं होतं. उंची वाढवू, असं सांगितलेलं. दर पुरात दवाखान्याची गाडी त्याच पुलाशी अडायची. नव्या कारकुनानं पान वाचलं आणि मला विचारलं, "काका, ह्याला काय उत्तर द्यायचं असतं?" मी म्हटलं, "आजवर 'प्रस्ताव विचाराधीन आहे' देत आलोय. तू एकदा जाऊन पूल बघून ये."