काळा प्लग

(तळहातावर चार स्पार्क प्लग, अगदी जवळून)

हे चार प्लग एकाच इंजिनातून आत्ताच काढलेत. तीन कोरड्या काजळीने माखलेले आहेत. बोट फिरवलं की बोट काळं होतं. चौथा ओला आहे, त्याच्याकडे नंतर वळू. काजळी म्हणजे पुरतं न जळलेलं पेट्रोल. गाडीमालकाची तक्रार एका वाक्याची होती: गाडी ॲव्हरेज देत नाही. प्लग तीच तक्रार जरा सविस्तर सांगतायत.

सल्ले भरपूर मिळाले होते. कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, फेकून नवा बसव. जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचं भोक, बारीक कर. पेट्रोलच्या नळीला चुंबक लाव. चुंबकाचा विषय इथेच मिटवू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी अशी १०० हून अधिक साधनं तपासली. ॲव्हरेजमध्ये ठळक फरक पाडणारं त्यांत एकही निघालं नाही.

(कार्बोरेटर बाकावर, झाकण उघडताना)

आता हा आरोपी. दोन ओंजळींत मावेल एवढा, आत ना चिप ना सेन्सर. मधली नळी कमरेपाशी आवळलेली दिसते. हवा तिथून जाताना वेग घेते, तिचा दाब पडतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून आपसूक ओढलं जातं. आवळलेल्या नळीतली ही गंमत व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये लिहून ठेवली, तेव्हा पेट्रोलची मोटारगाडी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखने फ्लोटची, म्हणजे पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीची, वाटी आणि पेट्रोलचा फवारा यांची सांगड घातली, आणि पुढे जवळपास शंभर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या त्यावरच धावल्या. कार्बोरेटर बनवणारे इंग्लंडात एसयू, फ्रान्समध्ये सोलेक्स, इटलीत बोलोन्याला वेबर. घराणी वेगळी, राग तोच.

हिशेबही साधा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजलं तर एक लिटर पेट्रोलमागे ९,००० लिटरच्या आसपास हवा. हे प्रमाण या वाटीतल्या पेट्रोलच्या पातळीवर अवलंबून असतं. काही मिलिमीटरचा खेळ. पातळी वर सरकली की इंजिन न मागताही पेट्रोल सांडतं.

(फ्लोट कानाजवळ धरून हलवतात)

ऐका.

आत काहीतरी डुचमळतंय. हा पितळी फ्लोट पोकळ असायला हवा. पेट्रोलवर तरंगत वर चढायचं आणि वरच्या नीडल व्हॉल्व्हला ढकलून पेट्रोल बंद करायचं, एवढंच त्याचं काम. आता त्याच्याच पोटात पेट्रोल शिरलंय. जड झालेला फ्लोट बुडून राहतो, व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, वाटी हवी त्याहून जास्त भरते.

(गरम पाण्याचं पातेलं)

भोक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फ्लोट गरम पाण्यात बुडवलाय. पाणी दुसरीकडे तापवून आणलंय. पेट्रोलच्या आसपास पेटती शेगडी नको. आतलं पेट्रोल तापून फुगतं आणि बाहेर यायला वाट शोधतं. हा पहिला बुडबुडा. जोडाच्या शिवणीतून, सुईच्या टोकाएवढ्या जागेतून. हा दुसरा. आता माळच लागली.

या एका शॉटसाठी पाणी तीनदा तापवावं लागलं, पण दाखवायचं ते हेच होतं.

भोकावर खूण केली. आतलं पेट्रोल आणि त्याची वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत फ्लोटला डाख द्यायचा नाही, कारण बंद डब्यातली वाफ भडका उडवू शकते. डाखही जेमतेम लावायचा. मेस्त्रींनी डाखाचा गोळा घासून घासून कमी केला, कारण फ्लोटचं वजन वाढलं की रोग मागच्या दाराने परत येतो. शेवटी पट्टी लावून उंची मोजली आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवली. नीडल व्हॉल्व्ह नवा घातला. जुन्याच्या टोकावर झिजून गोल चर पडला होता, तो भिंगाखाली इथे दिसतो.

(जेटवरचा आकडा)

मेन जेटवर १२० कोरलंय, म्हणजे भोक १.२० मिलिमीटर. साफ करायला यात तार घालायची नाही. फुंकर, कॉम्प्रेसरची हवा किंवा क्लीनर वापरायचा. तारेने ओरखडून भोक नुसतं ०.०५ मिलिमीटरने मोठं झालं तरी वाट साडेआठ टक्क्यांनी रुंदावते. जेट मुद्दाम बारीक करण्याचा सल्लाही तितकाच घातक. मिश्रण फार लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन तापतं, नॉकिंग होतं म्हणजे आत ठोके पडतात, इंजिनाचे व्हॉल्व्ह जळतात. आता बऱ्याच देशांत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. त्याने मिश्रण आधीच थोडं लीन होतं, आणि जुन्या रबरी नळ्याही सोलवटतात.

आणि हा मिक्श्चर स्क्रू. याच्यावर सगळ्यांचा फार जीव. पण तो फक्त स्लो स्पीडचं, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असतानाचं, मिश्रण ठरवतो. हमरस्त्यावर गाडी मेन जेटवर चालते, तिथे हा पिळून काहीच हाती लागत नाही. गरम इंजिनावर, आवाज सगळ्यात गुळगुळीत लागतो तिथे त्याला सोडून द्यावं.

(डिस्ट्रिब्युटर, बारीक नळी तोंडात धरलेले मेस्त्री)

हा प्रकार विचित्र दिसतो खरा. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग. त्याच्या बाजूच्या डबीत रबरी पडदा असतो. नळीतून हवा ओढली की आतली प्लेट फिरायला हवी, आणि जिभेने नळी बंद केली की तिथेच थांबायला हवी. मेस्त्री ओढतायत. प्लेट ढिम्म. पडदा फाटलाय.

ही डबी फाटलेली असूनही गाडी वर्षानुवर्षं चालते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. हलक्या पायाने जाताना सिलेंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं. त्यामुळे ठिणगी आधी पडावी लागते आणि ते काम ही डबी करते. ती मेली की पेट्रोल उशिरा जळतं, गाडी ढकलण्याऐवजी सायलेन्सर तापवतं. माझ्या मते जुन्या गाड्यांचं बरंचसं पेट्रोल या नळीपाशीच वाया जातं आणि शिव्या कार्बोरेटर खातो.

डबी बदलली. पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या संपर्काचा, गॅप फिलर गेजने ०.४ मिलिमीटरला आणला. पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडतं. मग टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण स्थिर दिसली, ती ही.

बाकीचं झपाट्याने. चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी, पाकळी इंजिन गरम झाल्यावर पूर्ण उभी राहते का, ते पाहिलं. अडत होती, केबल सैल केली. इंजिन पुरेसं गरम ठेवणारा थर्मोस्टॅट कुणीतरी केव्हाच काढून फेकलेला. थंड इंजिन जास्त पितं आणि लवकर झिजतं, म्हणून नवा बसवला. एअर फिल्टर बदलला. इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज फारसं पडत नाही, कार्बोरेटरच्या गाडीत पडतं. जॅकवर चाकं हाताने फिरवली, मागचं डावं ब्रेकला घासत होतं. टायरमध्ये हवा भरली.

(पाय आणि ॲक्सिलरेटर, खालून)

पायाकडेही बघा. पेडल दाबताक्षणी कार्बोरेटरमधला ॲक्सिलरेटर पंप थेट पेट्रोलची पिचकारी मारतो. सिग्नलला सवयीने पेडल हापसणारे या पिचकाऱ्या धूर करून सोडतात.

(वही)

मोजमाप टाकी काठोकाठ भरून, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून. रस्ता तोच, माणसं तेवढीच. वहीतली खालची ओळ वरच्यापेक्षा बरी आहे. घाटात मोजलेलं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइडही अर्थातच कमी होतो, त्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

(पुन्हा चार प्लग)

त्यानंतरचे हे प्लग. तिघांचा रंग बिस्किटासारखा. चौथा अजून ओलाच. वास घेतला तर पेट्रोलचा नाही, ऑइलचा. म्हणजे पिस्टनच्या रिंगा, नाहीतर व्हॉल्व्हचे सील. त्यासाठी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवावं लागेल.

मेस्त्रींनी प्लग पुसून परत बसवला आणि पाने शोधायला गेले.