डोळ्याला वळण कळत नाही

नमस्कार. आज पडद्यावर चित्रं नाहीत. टेबलावर एक पातेलं, पाच रुपयांचं नाणं, पाण्याने भरलेला तांब्या आणि आरशाचा एक तुकडा, एवढंच सामान आहे. त्यालाही अजून हात लावायचा नाही. आधी कवडशाबद्दल बोलू.

कौलारू घरात राहिलेल्यांना कवडसा काय ते सांगायला नको. कौल जरा सरकलं किंवा पत्र्याला खिळ्याचं भोक राहिलं की दुपारी जमिनीवर उजेडाचा ठिपका पडतो आणि दिवसभर घरातून फिरत राहतो. आता हे आठवून पाहा: ते भोक कधी गोल असतं का? कौलाची फट वेडीवाकडी असते, पत्र्याचं भोक फाटलेलं असतं. तरी ठिपका गोलच पडतो. ऊन तिरपं असेल तर तो लांबट दिसतो, पण उन्हाला समोरासमोर कागद धरा, गोल होतो.

कारण ते भोकाचं चित्र नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण भोकातून सरळ येऊन खाली पडतो, खालच्या कडेचा वर पडतो, डावीकडचा उजवीकडे. असे सगळे किरण मिळून जमिनीवर सूर्य उलटा उमटतो. झाडाखालच्या उजेडाच्या ठिपक्यांचंही तेच. पानांमधली प्रत्येक बारीक फट आपापला सूर्य खाली टाकत असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहण होतं. त्या दिवशी ज्यांनी आकाशाकडे न बघता झाडाखाली बघितलं, त्यांना जमिनीवर शेकडो चंद्रकोरी दिसल्या. ग्रहण बघायची याहून सुरक्षित पद्धत मला माहीत नाही, आणि तरी आपल्याकडे लोक ग्रहणाच्या वेळी खिडक्या लावून आत बसतात. असो.

या ठिपक्यावरून सूर्य मोजता येतो. भोकापासून तीन मीटरवर कागद धरला, तर कवडसा साधारण पावणेतीन सेंटिमीटर भरतो. म्हणजे अंतराच्या सुमारे १०९ वा भाग. सूर्यही तसाच, त्याच्या अंतराच्या १०९ व्या भागाएवढा. अंतर १५ कोटी किलोमीटर. भागा १०९ ने. उत्तर पावणेचौदा लाख किलोमीटरच्या आसपास येतं, आणि सूर्याचा खरा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर आहे. घरातल्या पट्टीने केलेल्या मोजमापाला हे उत्तर फारच चांगलं आहे.

उजेडाच्या सरळपणावर कोणाचा किती विश्वास असावा? कोल्हापूरला जा. अंबाबाईच्या देवळाचं तोंड पश्चिमेला. किरणोत्सवाचे ठरलेले दिवस म्हणजे ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून, पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात जातात. वर्षातून दोनदाच का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडे सगळ्यात लांब मावळतो. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर मोजा, ४१ दिवस. २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी मोजा, पुन्हा ४१. दक्षिणेकडे सरकणारा सूर्य जाताना एकदा आणि परतताना एकदा, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला, त्याच जागी मावळतो. मावळतीची जागा त्या दिवसांत रोज साधारण पाव अंशाने, म्हणजे सूर्याच्या अर्ध्या तबकडीएवढी सरकते. म्हणून हा खेळ मोजक्या दिवसांचा. आणि सूर्य खाली उतरतो तसा उजेड मूर्तीवर वर चढतो, पायांपासून चेहऱ्याकडे. वाटेत एखादी इमारत आली किंवा क्षितिजावर धुरकं असलं की किरण अडतात, त्यामुळे अडथळे काढण्याची चर्चा तिथे कायम चालू असते. सरळ रेषेला कुणाची भीड नसते.

आता आरसा. डोळ्याला एकच हिशेब येतो: उजेड ज्या दिशेने आत शिरला, त्याच दिशेला, सरळ रेषेत, वस्तू. वाटेत काय झालं हे त्याला कळत नाही. म्हणून आरशातली तुम्ही आरशाच्या मागे, तुम्ही जितक्या पुढे आहात तितक्याच अंतरावर दिसता. ज्यांना लांबचं अंधुक दिसतं त्यांनी आज घरी चष्मा काढून आरशाच्या जवळ जावं. आरशाची चौकट स्वच्छ दिसेल, पण आरशातलं पाठीमागचं कपाट अंधुकच राहील. आरसा हातभरावर आहे, पण कपाटाकडून आलेला उजेड तेवढी सगळी वाट चालून आलेला आहे.

रात्री पावसात दुचाकी चालवणाऱ्यांना परावर्तनाचा त्रास वेगळा सांगायला नको. कोरडं डांबर खरबरीत असतं. दिव्याचा उजेड त्यावर सगळीकडे विखुरतो, त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो आणि रस्ता दिसतो. डांबरावर पाण्याचा थर आला की तो आरशासारखा वागतो: आपला उजेड पुढे निघून जातो, समोरच्याचा सरळ आपल्या डोळ्यांत येतो. दिवा तोच असतो, पण रस्ता गायब. अशा वेळी कामाला येतो तो सायकलच्या मागचा लाल तुकडा. त्यात बारीक बारीक कोपरे असतात, तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात. त्यात उजेड कुठूनही शिरू दे, जिकडून आला तिकडेच परत जातो. हीच युक्ती चंद्रावर आहे. चांद्रयान-३ च्या विक्रमवर जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा, आठ कोपऱ्यांचा असा परावर्तक बसवलेला आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून त्यावर लेसर सोडला आणि तो उजेड परत मिळवला.

आता पातेलं. काकू, तुम्ही या ना पुढे. नाणं तळाला मेणाने चिकटवलंय, ते हलणार नाही. बघत बघत मागे सरका, नाणं काठाआड गेलं की थांबा. गेलं? आता मान हलवू नका. मी पाणी ओततो.

(काकू: "आलं की वर!")

वर आलं नाही, दिसायला लागलं. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटरवरून सव्वादोन लाखांवर येतो. पाण्यातून हवेत येताना वेग बदलतो आणि तिरका किरण वळतो. का वळतो? दिंडीची एक रुंद ओळ चिखलातून तिरकी पक्क्या रस्त्यावर येतेय असं समजा. ज्या बाजूचे पाय आधी रस्त्याला लागले ती बाजू भरभर चालू लागते, दुसरी अजून चिखलात, आणि सगळी ओळच वळते. नाण्याकडून निघालेला किरण असाच काठावरून वळून काकूंच्या डोळ्यांत शिरला. डोळ्याने नेहमीचा हिशेब केला, सरळ रेषा मागे नेली आणि नाणं उचलून वर ठेवलं.

किती वर? सरळ वरून पाहिलं तर पाणी खऱ्या खोलीच्या पाऊण दिसतं. चार फूट पाणी तीन फुटांचं वाटतं. काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. विहिरीचा, तलावाचा तळ स्वच्छ दिसतोय म्हणून पोहता न येणारी मुलं उतरतात, तेव्हा हा पाव हिस्सा जिवावर बेतू शकतो. पोहायला शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी काठावर उभं करून हे दाखवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी आणि हवा यांच्यात निदान सीमा दिसते. हवेतल्या हवेत किरण वळतो तेव्हा काहीच खूण नसते. वैशाखात सोलापूरच्या रस्त्याने दुपारी निघालात की पुढे डांबरावर पाणी चमकतं. डांबरालगतची हवा तापून विरळ झालेली असते, वरची तितकी तापलेली नसते. विरळ हवेत प्रकाशाचा वेग किंचित जास्त. आकाशाकडून अगदी तिरका खाली येणारा किरण त्या तापल्या थरात हळूहळू वळतो आणि जमिनीला न टेकता वर उठून आपल्या डोळ्यांत येतो. डोळा तो रस्त्यावर ठेवतो. म्हणजे दिसतं ते आकाशच असतं, खोटं काही नाही. फोटोसुद्धा निघतो. पण हे वळण एवढं बारीक असतं की एखाद्या अंशाहून कमी कोनात पाहिलं तरच साधतं. म्हणून ते पाणी कायम लांबच राहतं, गाडीच्या पुढे पुढे सरकत.

शेवटी सूर्यास्त. कोकणात समुद्रकिनारी उभं राहून पाहा. तबकडीची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, त्या क्षणी सूर्य खरं म्हणजे अख्खाच्या अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो. क्षितिजावरून येणारा किरण वातावरणात सुमारे ३४ कला वळतो आणि सूर्याची तबकडी ३२ कलांची आहे. (एक अंश म्हणजे ६० कला.) खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून मावळता सूर्य चपटा दिसतो. उंची रुंदीपेक्षा जवळजवळ सहाव्या हिश्श्याने कमी.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "आणि उजेड यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, तेव्हा सूर्य आठ मिनिटं आधीच मावळलेला असतो." मोबाइलवर हे फार फिरतं. ते चूक आहे. मावळणं म्हणजे पृथ्वी फिरून तिची कड आड येणं. ती कड आपल्यापासून काही किलोमीटरवर. आठ मिनिटांपूर्वी निघालेला उजेड तिच्याजवळ पोचतो, कड आड आली की अडतो. त्यात उशीर व्हायला जागा कुठे आहे? सूर्य अचानक विझला तर मात्र आपल्याला आठ मिनिटांनी कळेल, ही वेगळी गोष्ट.

प्रश्न आलाय: "मग २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र समान असतात ना?" नसतात. सकाळी हवा सूर्याला लवकर दाखवते, संध्याकाळी उशिरापर्यंत धरून ठेवते, शिवाय आपण उगवतीला आणि मावळतीला वरची कड धरतो, मध्य नाही. हे सगळं मिळून महाराष्ट्रात त्या दिवशी दिवस सुमारे सात मिनिटांनी मोठा भरतो. आपल्याकडे तेव्हा दिवस रोज मिनिटभराने लहान होत असतो, त्यामुळे खरी बरोबरी सप्टेंबरच्या अगदी शेवटी येते. पेपरात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापतात, त्या आठवड्यातली कात्रणं ठेवा आणि वजाबाकी करून बघा.