नायसेकाठचं फोर्स्ट

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. जर्मनीच्या पूर्व टोकाला फोर्स्ट नावाचं एक छोटं गाव आहे. त्यालाही एकेकाळी जर्मन मँचेस्टर म्हणत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवले. त्या खडखडाटातच मी अभ्यास केला, त्यातच झोपले. त्यामुळे या गावाबद्दल कळल्यापासून तिथे जायचं मनात होतं. गेल्या जूनअखेरीस योग आला. बर्लिनहून कॉटबुस, तिथून छोट्या गाडीने पूर्वेला. पुढे नायसे नदी आडवी येते. अलीकडे फोर्स्ट, पलीकडे पोलंड.

गावात शिरल्यावर आधी जाणवतो तो मोकळेपणा. लाल विटांचा एखादा कारखाना दिसतो, मग नुसतंच गवत, मग पुन्हा एक धुराडं. १९४५ साली युद्धाची आघाडी कित्येक आठवडे याच नदीवर अडून राहिली आणि गावाचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. त्याआधी इथे ४० हजारांवर माणसं राहत होती, आज त्याच्या निम्मीही नाहीत. नदीत लांब पुलाचे तुटके खांब अजून उभे आहेत. पलीकडचा बेर्गे हा फोर्स्टचाच भाग होता. सीमा नदीवर आली आणि तो पोलंडमध्ये गेला. आता तिथे बरंचसं रान माजलंय. पुलाच्या या टोकाला मी बराच वेळ उभी होते. समोर पोलंडच्या काठावर एकजण गळ टाकून बसला होता. मी हात केला, त्यानेही केला.

इथे विणली जायची ती लोकर. १८व्या शतकात हे गाव सॅक्सनीचे मंत्री काउंट ब्र्यूल यांच्या ताब्यात होतं, त्यांनी कापडधंद्याला बळ दिलं. गावच्या सेंट निकोलाय चर्चमध्येच त्यांना पुरलंय. पुढे वाफेची इंजिनं आली, आणि कोळसा थेट कारखान्याच्या दारात हवा झाला. त्यासाठी १८९३ साली गावातून मीटरगेजचे रूळ टाकले. मोठ्या रुळांवरून आलेला डबा स्टेशनातच छोट्या चाकगाड्यांवर चढवायचा, आणि भरलेला तसाच गल्लीबोळांतून ओढत न्यायचा. माल उतरवा, पुन्हा भरा, ही भानगडच नाही! मिरजेला मीटरगेज होतं त्या काळची मालाची चढउतार ज्यांनी पाहिली असेल, त्यांना यातली हुशारी लगेच कळेल. त्या इंजिनाला लोक लाडाने ‘काळी युले’ म्हणत. युले म्हणजे आपल्याकडे एखादीला ठमी म्हणावं, तसं. ती १९६५ सालापर्यंत रस्त्यारस्त्यांतून धावली. काही गल्ल्यांत दगडी फरशीत तिचे रूळ आजही दिसतात.

१९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्यावर मात्र कारखाने भराभर बंद पडले. माग बंद पडले की गल्ली कशी वाटते, ते आम्हाला कुणी सांगायला नको.

आणि याच गावात जर्मनीतला एक फार देखणा गुलाबबाग आहे. १९१३ साली, कापडधंदा ऐन भरात असताना, गावाने नदीकाठी गुलाबांचं प्रदर्शन भरवलं. ते संपल्यावर बाग मोडली नाही, कायमची ठेवली. लढाईत तिचीही धूळधाण झाली होती, पण लोकांनी ती पुन्हा उभी केली. मी गेले तेव्हा बहर होता. पाऊस नुकताच पडून गेलेला. एक माळी गुडघ्यावर बसून सुकलेली फुलं छाटत होता. देठ पकडायचा, खाली पाच छोट्या पानांचं मिळून झालेलं पान शोधायचं, त्याच्या जरा वर तिरका काप. पुढचं फूल. घाई नाही, थांबणंही नाही. हाताची ती लय मी ओळखली. तुटलेला धागा जोडताना वडिलांचा हात असाच चालायचा.

जुन्या नोआक कापड कारखान्यात गावाने वस्त्रसंग्रहालय केलं आहे. तिथे एका म्हाताऱ्या विणकराने माझ्यासाठी माग सुरू केला. धोटा एका बाजूने सुटला, दुसऱ्या बाजूला आदळला, जमीन हादरली, आणि माझे डोळेच भरून आले. त्याला मराठी येत नव्हतं, मला जर्मन जेमतेम. मी मागाकडे बोट दाखवून ‘माझे वडील’ एवढंच म्हणाले. त्याने माग थांबवला, खणातून करड्या लोकरीचा एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवला.

घरी आल्यावर तो तुकडा वडिलांना दिला. त्यांनी चष्मा लावला, कापड उजेडात धरलं, अंगठा आणि बोटात चोळून पाहिलं, मग किनारीवरून नख फिरवलं. म्हणाले, ‘‘काठ कुठं ओढला नाही गं. चांगला गडी दिसतोय.’’

नमस्कार.