पाव लिटर म्हणजे किती?

नमस्कार श्रोतेहो. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात पोरांनी लाकडी नंदी घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा केला. आणि त्याच संध्याकाळी ओसरीवर मोठ्यांची बैठक बसली. म्हणून आज विचारतो, पोरगं प्यायला लागतं, तर त्याला शिकवतं कोण?

माझंच सांगतो. चौथीत होतो. बाबांची बैठक बसली की हाक यायची, "जाय बे, फुटाने आन. राह्यले ते पैसे तुले." त्या चिल्लरचं मी पेपरमिंट घ्यायचो. दुकानदार पुडी बांधताना विचारायचा, "आज कोन कोन बसले?" मी नावं सांगायचो. रिकामा पव्वा धुऊन आई चिमणीचं रॉकेल ठेवायची. त्यावरचा आकडा मला पाठ.

एक दिवस वर्गात गुरुजींनी विचारलं, "पाव लिटर म्हणजे किती मिलिलिटर?" माझा हात सगळ्यांच्या आधी वर. "180, गुरुजी!"

अर्धा वर्ग म्हणाला, "बरोबर!"

गुरुजी हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग पाठ फिरवून फळ्यावर 250 लिहिलं आणि खडू धरून तसेच उभे राहिले.

आता कायदा. आपल्या राज्यात बीअरला 21 वर्षं लागतात, कडक दारूला 25. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. पण फुटाणे आणणाऱ्या पोराला वयाची अट कुठं आहे? पुन्हा सांगतो, फुटाणे आणणाऱ्या पोराला. पुढं तेच पोरगं मिसरूड फुटलं की वरातीत नाचतं, आणि ग्लास हातात देणारा परका नसतो, सख्खा मामा नाही तर भाऊजी असतो. "घे बे, आज नाही त कधी?" तो डीजे तर मला मुळीच खपत नाही. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारा एक म्हातारा उरलाय आमच्या गावात, त्याचाही आवाज यंदा कोणाला ऐकू गेला नाही. असो.

तर गुरुजींनी बाबांना पारावर गाठलं. काय बोलले, माहीत नाही. बाबांची सुटली नाही. पण त्या दिवसापासून फुटाणे आणायला ते स्वतः जायला लागले. माझी चिल्लर बंद झाली, आणि मी आठ दिवस गुरुजींवर रुसून होतो.