सामाईक लायब्ररी कुणाच्या घरी ठेवायची?

(नागपुरातल्या तरुण प्रोग्रामरांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

तुमच्याकडे तीन-चार एकमेकांच्या नात्यातले प्रकल्प आहेत आणि त्यांतल्या दोघांना एकच कोड लागतो. असा अनेकांनी वापरायचा कोड म्हणजे लायब्ररी. ती ठेवायची कुठे? मिहानमधली मोठी कंपनी असो की धरमपेठेतलं दोन खोल्यांचं ऑफिस, बहुतेक ठिकाणी याचं उत्तर एकच असतं: ‘कॉमन’ नावाचं फोल्डर. दोन वर्षांनी त्यात डोकावून बघा. तारखांची फंक्शनं, ईमेलचा कोड, कुणाचा तरी जीएसटीचा हिशेब, आणि हात लावायला कुणीच तयार नाही.

समजा, पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्कम अक्षरी लिहिणारा कोड आहे. वाटतो तितका सोपा नाही तो. इंग्रजीत विसापर्यंतचे आकडे आणि दहा-दहाचे टप्पे दिले की भागतं. मराठीत शून्यापासून नव्याण्णवपर्यंत अख्खी यादीच द्यावी लागते. एकोणऐंशी, एकोणनव्वद बघून नियम बांधणारा हुशार पोरगा नव्याण्णववर आपटतोच. वर पुन्हा हजार, लाख, कोटींची आपली मांडणी. एकाने हे नीट केलं असेल, तर पगारपत्रकवाल्यांनी पुन्हा कशाला करायचं?

म्हणून ते पतसंस्थेचा प्रकल्पच आपल्याला जोडून घेतात. आता पगाराच्या स्लिपवर ‘पंचवीस हजार’ छापायला ठेवींची टेबलं, व्याजदरांची सेटिंग आणि डेटाबेसचा ड्रायव्हर, सगळी वरात मागोमाग येते. पतसंस्थेने मार्चअखेर आवृत्ती बदलली की पगाराचं बिल्ड पडतं, म्हणजे कोडपासून प्रोग्रामच तयार होत नाही. काहून पडलं, ते शोधण्यात दिवस जातो.

माझी पहिली कसोटी इथली आहे: लायब्ररीला तिच्या वापरणाऱ्यांची नावंही माहीत नसावीत. आकड्यांची यादी आणि लाख-कोटींची फोड तिच्यात जाईल. पण शेवटी ‘फक्त’ लावायचं की नाही, पैसे दाखवायचे की रुपयात पूर्णांक करायचे, हे ज्याच्या त्याच्या घरी राहील. कोडमध्ये ‘पतसंस्था असेल तर’ अशी ओळ आली, की जागा चुकली म्हणून समजा.

याचं मोठ्या जगातलं उदाहरण आत्ता तुमच्या खिशात आहे. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टाइप करतो, पण पडद्यावर ती क च्या डावीकडे बसली पाहिजे. जोडाक्षरं, रफार, सगळ्याचंच असं. ही जुळणी करणारा कोड सुरुवातीला फ्रीटाइप प्रकल्पात होता. फ्रीटाइपचं खरं काम फॉन्टमधली आकृती पडद्यावर काढण्याचं; मजकुराची मांडणी हा वेगळा विषय. पुढे तो कोड क्यूटी (प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं काढणारी) आणि पँगो (मजकूर मांडणारी) या दोन लायब्ऱ्यांत वेगवेगळा वाढला. म्हणजे एकच दुरुस्ती दोनदा. शेवटी दोन्हीकडचं एकत्र करून हार्फबझ हा स्वतंत्र प्रकल्प झाला. आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस, सगळे तोच वापरतात. माझ्या मते तो यापैकी कुणाच्याही पोटात राहिला असता तर बाकीच्यांनी घेतलाच नसता.

झेडलिब या डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचंही तसंच. १९९५ मध्ये ती लिबपीएनजीसाठी, म्हणजे चित्रांसाठी लिहिली गेली, पण डेटा दाबून लहान करण्याचा चित्रांशी संबंध काय? म्हणून ती पहिल्यापासून वेगळी ठेवली, आणि जगभर पसरली. पण पुष्कळांनी तिचा कोड उचलून आपल्यात चिकटवला. मार्च २००२ मध्ये तिच्यात एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक सापडली. मूळ लायब्ररीत १.१.४ आवृत्तीने ती निस्तरली. चिकटवलेल्या प्रती मात्र एकेक हुडकाव्या लागल्या. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातसुद्धा, एक होती.

मग प्रत्येक सामाईक गोष्टीचा स्वतंत्र प्रकल्प करावा का? थांबा जरा. सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते, चौघा भावांची नावं असतात, आणि मोटार जळली की चौघंही एकमेकांकडे बघतात. वेगळ्या लायब्ररीचं नेमकं हेच होतं. तिचे बग कोण बघणार, आवृत्ती कोण काढणार, हे नावानिशी ठरलं नसेल तर तिला घरातच राहू द्या. जी टीम ती सर्वांत जास्त बदलते, तिच्याकडे. फक्त तिथेही वेगळं मॉड्यूल करून, म्हणजे उद्या उचलता येईल.

लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईवाल्यांनी आधी सगळं केडीईलिब्ज नावाच्या एकाच गठ्ठ्यात ठेवलं होतं. २०१४ च्या जुलैमध्ये त्याचे पन्नासहून अधिक तुकडे, त्यांच्या भाषेत फ्रेमवर्क, करून त्यांनी फ्रेमवर्क्स ५ काढलं. त्यात थर पाडले: पहिल्या थरातल्या लायब्ररीने इतर फ्रेमवर्कवर अवलंबून राहायचं नाही, दुसऱ्या थरातल्यांनी फक्त पहिल्यावर. त्यामुळे एखाद्याला एकच तुकडा हवा असेल तर तेवढाच घेता येतो. मात्र त्यांनी आवृत्त्या सगळ्यांच्या एकत्रच काढल्या. हे मला फार पटतं. तुकडे वेगळे, पण वेळापत्रक एक. चार माणसांच्या टीमने पाच लायब्ऱ्यांची पाच वेळापत्रकं सांभाळायची म्हटलं, तर कामं कधी करणार, भाऊ?

फक्त दोन प्रकल्पांसाठी लायब्ररी वेगळी करायची घाई नको, असं मी सांगतो. दोघांच्या गरजा योगायोगाने सारख्या दिसू शकतात. तिसरा आला की खरं काय सामाईक आहे ते दिसतं. अक्षरी रकमेत ‘फक्त’चा घोळही बहुधा तेव्हाच उघड होतो. आणि एकदा हलवलीत, तर जुन्या जागची प्रत त्याच आठवड्यात काढून टाका. नाहीतर घाईच्या दिवशी कुणीतरी दुरुस्ती तिथेच करून बसतो.