धमनीचं आतलं अस्तर

नमस्कार श्रोतेहो.

आमचे बाबा रोज संध्याकाळी इंदूरच्या रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी जायचे. शेवटच्या काही वर्षांत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी आले की त्यांची छाती आवळून यायची. मग खिशातून छोटी डबी निघायची आणि बारीकशी गोळी जिभेखाली जायची. आई सोबत असली की म्हणायची, "अहो, आधी बसा, मग गोळी." डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. बसायचं कशासाठी, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते, पण मलाही विचारावंसं वाटलं नाही.

त्याचं उत्तर मला पुढे एका जनुकाबद्दल वाचताना सापडलं. आपल्या सातव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर, टोकाजवळ ते असतं. नाव एनओएस-३. त्यात एक एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, कसं बनवायचं याची कृती लिहिलेली आहे. १२०३ अमिनो आम्लांची साखळी असलेलं हे एन्झाइम काम करतं ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. रक्तवाहिनी म्हणजे नळी, असं आपण मुलांना शिकवतो, मीही शिकवलं. पण नळाच्या पाइपला आतून वाहणारं पाणी जाणवत नाही. या अस्तराला मात्र रक्ताचं घासून जाणं जाणवतं. प्रवाह वाढला की एन्झाइम कामाला लागतं, आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. हा चक्क वायू आहे, आणि टिकतो अवघे काही सेकंद. तेवढ्यात तो शेजारच्या स्नायूत शिरतो, स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटून गुठळी होऊ नये, यालाही तो मदत करतो.

हे कळलं ते एका चुकीच्या पोटी. अमेरिकेतले रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन प्रयोग करत. अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं औषध घातलं की त्यांचे तुकडे आकसायचे, जिवंत प्राण्यात मात्र त्याच औषधानं वाहिन्या सैल पडत. हा विरोधाभास सुटत नव्हता. एकदा ठरलेल्या पद्धतीत थोडा फरक झाला आणि तुकडा सैल पडला! बारकाईनं पाहिल्यावर उमगलं की आजवर तुकडे कापताना, हाताळताना त्यांचं आतलं अस्तरच घासून निघत होतं. १९८० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अस्तरातून बाहेर पडणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड आहे, हे ठरायला आणखी काही वर्षं गेली. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद या तिघांना मिळालं. चुकलेल्या प्रयोगाला रद्दीत न टाकता त्याच्यापाशी थांबणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता या एन्झाइमची दुसरी बाजू. त्याला एका मदतनीस रेणूची गरज असते. सिगारेट, विडी, बेताबाहेर गेलेली साखर, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांनी तो मदतनीस कमी पडला, की हेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइडऐवजी ऑक्सिजनचा एक घातक रेणू तयार करू लागतं. तो रेणू उरल्यासुरल्या नायट्रिक ऑक्साइडलाही संपवतो. राखणदारानंच घरात आग लावावी, तसं होतं. म्हणून धूम्रपान सोडा, असं मी अगदी हात जोडून सांगते.

उलट, चालण्यानं प्रवाहाचं घासणं वाढतं आणि नेमानं चालत राहिलं तर अस्तरातलं हे एन्झाइमही वाढतं. लालबागेत पहाटे फेऱ्या मारणारी मंडळी नकळत हेच करत असतात. फेऱ्या झाल्या की पोहे-जिलबी, ही इंदुरी रीत आहे. पोह्यांवर माझा आक्षेप नाही, जिलबी मात्र मधुमेह असलेल्यांनी टाळावी. पालक आणि बीट खा. त्यांतल्या नायट्रेटपासून शरीर दुसऱ्या वाटेनं थोडं नायट्रिक ऑक्साइड मिळवतं आणि त्या वाटेची पहिली पायरी आपल्या तोंडातले जीवाणू करतात. आर्जिनिनच्या पावडरी मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नका.

कुणी जनुकांची तपासणी करून घेतली असेल, तर अहवालात या एन्झाइमच्या साखळीतल्या २९८ व्या जागेचा उल्लेख दिसू शकतो. तिथे काहींमध्ये ग्लुटामेट या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पार्टेट हे दुसरं अमिनो आम्ल असतं. हा फरक पुष्कळ लोकांत आढळतो. त्याचा हृदयविकाराशी संबंध किती, याची उत्तरं वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळी आली आहेत. ते वाचून घाबरून जाऊ नका. रक्तदाब मोजून घेणं जास्त कामाचं आहे.

आता बाबांची गोळी. ती नायट्रेट कुळातली होती. याच कुळातलं नायट्रोग्लिसरीन डायनामाइटमध्येही असतं. डायनामाइट शोधणाऱ्या आल्फ्रेड नोबेलना त्यांच्या अखेरच्या काळात डॉक्टरांनी तेच हृदयासाठी लिहून दिलं होतं. या गोळ्यांपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, म्हणजे थकलेल्या अस्तराचं काम त्या बाहेरून करतात. गिळली तर बराचसा भाग यकृतातच नष्ट होतो, म्हणून ती जिभेखाली ठेवायची. तिथून ती थेट रक्तात जाते. पण ती फक्त हृदयाच्याच वाहिन्या सैल करत नाही, सगळ्या अंगातल्या करते. रक्त पायांकडे साचतं, दाब एकदम उतरतो, आणि उभा माणूस भोवळ येऊन पडू शकतो. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल, तर दाब जिवावर बेतण्याइतका उतरू शकतो. तेव्हा संकोच न करता डॉक्टरांना ते आधी सांगा.

आणि ज्यांच्या घरात अशी डबी असेल, त्यांनी आमच्या आईसारखंच म्हणावं, "आधी बसा, मग गोळी."